अडीचच्या जरा अलीकडे

बायकोला माझ्या आधार कार्डाचा फोटो हवा होता. मी अंघोळीला गेलेलो, म्हणून तिने माझा फोन उघडला आणि गॅलरीत शोधत बसली. मी बाहेर आलो तेव्हा ती सोफ्यावर गंभीर चेहऱ्याने बसली होती.

"अरे, हे काय आहे?" तिने फोन माझ्यासमोर धरला. एक काळी पट्टी आणि पट्टीवर आठ नॉब. तिने बोट सरकवलं. काळी पट्टी, आठ नॉब. पुन्हा सरकवलं. तेच.

"एकशे बेचाळीस आहेत. मी मोजले. मुलीच्या वाढदिवसाचे अकरा आहेत."

दुसरं काही सापडलं असतं तर निदान कानावर हात तरी ठेवता आले असते. इथे पुराव्यात तारीख-वेळेसकट सगळं होतं. बरेचसे फोटो रात्री साडेअकरानंतरचे. मी खरं ते सांगून टाकलं. "हे सगळे वेगवेगळे आहेत. नीट बघ. इथे मिडल अडीचवर आहे. आणि या फोटोत अडीचच्या जरा अलीकडे."

तिने दोन्ही फोटो नीट पाहिले. मग म्हणाली, "आधार कुठेय?"

मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. म्हणजे बँकेत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात वाजवतो. इलेक्ट्रिक गिटार हे एक वाद्य आहे अशी लोकांची समजूत असते, ती अर्धीच खरी. वायर न लावता वाजवून बघा, डब्याला ताणून बसवलेल्या रबरासारखा आवाज येतो आणि शेजारच्या खोलीपर्यंतसुद्धा पोचत नाही. (हा तिचा सर्वांत मोठा गुण, असं घरच्यांचं मत आहे.) उरलेलं अर्धं वाद्य म्हणजे अँप्लिफायर, आमच्या भाषेत अँप. तारेच्या थरथरीतून विजेचा जो जेमतेम प्रवाह तयार होतो, तो अँप मोठा करतो. आणि मोठा करता करता त्याचा स्वभावही बदलतो, बढती मिळालेल्या साहेबासारखा.

माझा अँप जुना घेतलेला आहे. शिकायला ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका मुलाने तो अर्ध्या किमतीत दिला. चाळीस वॉट, बारा इंची स्पीकर, वजन वीस किलो, आमचं घर डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं की वाचणाऱ्या गिटारवाल्यांत आत्ताच्या आत्ता दोन गट पडतील आणि मूळ विषय राहून जाईल.

त्याच्या आत व्हॉल्व आहेत. आजोबांच्या रेडिओत असायचे तेच. बटण दाबलं की अर्धा मिनिट काही होत नाही, मग आत नारिंगी उजेड पडतो, तापलेल्या धुळीचा वास येतो आणि तो जागा होतो. आजोबाही बातम्यांच्या आधी पाच मिनिटं रेडिओ लावून ठेवायचे, "तापू दे जरा" म्हणून. साऱ्या जगाने व्हॉल्व टाकून दिले, ट्रान्झिस्टर घेतला, चिप घेतली. चिकटून राहिलो ते मुख्यतः आम्ही. हे व्हॉल्व आता प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या तीन देशांत बनतात. २०२२ साली युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा जगाला गव्हाची आणि गॅसची काळजी लागली. गिटारवाल्यांनी तीही केली असेल, पण आधी चार व्हॉल्व जास्तीचे मागवून ठेवले.

आता हे आठ नॉब. व्हॉल्यूम, ड्राइव्ह आणि मास्टर मिळून आवाज किती मोठा आणि किती फाटका हे ठरवतात. रिव्हर्ब म्हणजे दहा बाय अकराच्या खोलीत बसून घारापुरीच्या लेण्यात वाजवल्याचा आनंद. प्रेझेन्स नावाचा एक आहे, तो फिरवला की काहीतरी होतं. उरले तीन, बेस, मिडल आणि ट्रेबल. सगळा संसार या तिघांचा.

नवा माणूस तिन्ही नॉब मधोमध लावतो आणि समजतो की आवाज समतोल झाला. तसं नसतं. या जुन्या धाटणीच्या सर्किटमध्ये हे तिघे काहीही वाढवत नाहीत, फक्त कापतात. नॉब शेवटपर्यंत फिरवला म्हणजे भरभरून दिलं असं नव्हे, कपात कमीत कमी झाली एवढंच. आम्हा बँकवाल्यांना हे चटकन कळतं. पगार ठरलेला आहे, नॉब म्हणजे टीडीएस. काही अँपांत तर तिन्ही शून्यावर आणले की आवाज जवळजवळ बंदच होतो, हातात काही पडतच नाही. शिवाय तिघे एकाच सर्किटमध्ये नांदतात. ट्रेबलला हात लावला की मिडल वेगळं वागायला लागतो, मिडल ताळ्यावर आणावा तर बेस फुगतो. थोरलीला काही बोललं की धाकटीचा आवाज बदलतो, अशी एकत्र कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यापेक्षा जास्त समजावण्याची गरज नाही.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण प्रत्येक नॉबच्या कडेला आकडे आहेत, आणि माणूस आकडे बघून बिघडतो. माझ्या अँपवर ते एक ते बारा आहेत. १९८४ साली आलेल्या 'धिस इज स्पायनल टॅप' या सिनेमात एक गिटारवाला आपला अँप अकरापर्यंत जातो म्हणून अभिमानाने मिरवतो, आणि सगळं थिएटर हसतं. माझा बारापर्यंत जातो. घरी मी व्हॉल्यूम दोनच्या पुढे कधी नेलेला नाही.

कारण दीड आणि दोन यांच्यामध्ये माझ्या अँपला मधलं स्टेशन नाही. दीडवर तो खोकल्याची गोळी चघळत बोलतो, दोनवर समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत येतात. मी चाळीस वॉट घेतले ते घरात घुमेल म्हणून नव्हे, दहाच्या चौपट काहीतरी मिळेल म्हणून. कानाचा हिशेब वेगळा असतो, हे मागाहून कळलं. आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. म्हणजे चाळीस वॉटच्या जागी चारचा अँप आणला असता तरी आवाज फक्त निम्मा वाटला असता, आणि तोही खालच्या मजल्यावरच्या काकूंना जास्तच झाला असता. काकू भांडत नाहीत. त्या जिन्यात भेटल्यावर "काल वाजवत होतात का?" एवढंच विचारतात. 'का' वर जोर असतो.

आणि खरी मेख याच्याही पुढची. हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी टीप, दोन्ही कमी ऐकू येतात. मधला आवाज तेवढा टिकतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये याचे आलेख काढून ठेवले आहेत. मी मात्र ते न वाचता रोज रात्री दीडवर अँप ठेवून त्या आलेखांचा पडताळा घेत होतो. आवाज पोकळ वाटतोय म्हणून बेस वाढवायचा, बोथट वाटतोय म्हणून ट्रेबल वाढवायचा, आणि मिडल मध्येच कलकल करतोय म्हणून खाली, आणखी खाली, अडीचच्या जरा अलीकडे. मग रात्री पावणेबाराला अचानक तो आवाज लागायचा. भरदार, खोल, वर चमकदार, साजूक तुपात परतलेला. मी घाईघाईने फोटो काढायचो. दुसऱ्या दिवशी फोटो समोर ठेवून आठही नॉब हुबेहूब लावायचो, आणि तोच अँप तोच मी, आवाज कालच्या भजीसारखा.

या सगळ्याला सुरुवात ज्यांनी केली ते स्वतः गिटार वाजवत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. लिओ फेंडरचं कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या नावाच्या गिटार आणि अँप जगभर गेले, पण त्याला स्वतःला गिटार येत नव्हती. त्याच्या कंपनीने बेस गिटारसाठी बेसमन नावाचा अँप काढला. तिकडे लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचा ड्रमवाला ड्रम शिकवायचा आणि विकायचा. गिटारवाली पोरं दुकानात येऊन अँप मागायला लागली, तेव्हा त्याने मदतनिसांना हाताशी घेऊन त्याच बेसमनचा नमुना समोर ठेवला आणि १९६२ साली स्वतःचा अँप बनवला. म्हणजे रॉकची गर्जना म्हणून आम्ही ज्याला हात जोडतो तो आवाज बेससाठी केलेल्या अँपवरून एका ड्रमवाल्याने उतरवून घेतलेला आहे. आमच्या बँडचा ड्रमर व्यवसायाने सीए आहे. ही गोष्ट त्याला मी सांगितली, ती चूकच झाली. तेव्हापासून प्रत्येक वादात तो ती काढतो.

फाटका आवाज तर निव्वळ अपघाताने आला. व्हॉल्वला झेपेल त्याहून जास्त दिलं की ध्वनीच्या लाटेचा शेंडा छाटला जातो, आणि त्या छाटणीतून मुळात नसलेले वरचे स्वर उगवतात. बनवणाऱ्यांच्या लेखी हा दोष होता. वाजवणाऱ्यांना तोच आवडला. १९५१ साली 'रॉकेट ८८' नावाचं गाणं मेम्फिसला रेकॉर्ड झालं, तेव्हा अँपचा स्पीकर प्रवासात फाटला होता. आत कागद कोंबून तसाच वाजवला आणि ती घरघर लोकांना भावली. १९६४ मध्ये किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर आपल्या छोट्या अँपच्या स्पीकरवर दाढीचं ब्लेड चालवलं. आमच्याकडे एखाद्या पोराने हे केलं असतं तर गाणं राहिलं बाजूला, ब्लेड कुणाचं घेतलंस यावरूनच मार खाल्ला असता.

पण या साऱ्या कथांत मला आपलीशी वाटते ती एडी व्हॅन हेलन या गिटारवाल्याची. अमेरिकेतला १२० व्होल्टचा वीजदाब त्याने दाब कमी-जास्त करणारा व्हेरिअ‍ॅक लावून नव्वदच्या आसपास उतरवला आणि अँप तसाच उपाशी चालवला. त्यातून जो दाट, दमलेला, मऊ फाटका आवाज आला त्याला लोक 'ब्राउन साउंड' म्हणतात आणि त्याच्या मागे लागून संसार उधळतात. मी हे वाचलं आणि वाटलं, एवढंच? आमच्या कोकणातल्या घरी मे महिन्यात रात्री आठ वाजता व्होल्टेज असं बसतं की पंख्याची पाती मोजता येतात. त्यासाठी कुणाला व्हेरिअ‍ॅक विकत घ्यावा लागत नाही. त्या वर्षी सुट्टीत आंब्याच्या पेट्या आणायला जी गाडी रिकामी जाते, तिच्यातून वीस किलोंचा अँप गावी नेला. अंगणात खुर्ची टाकली. आठला पाच कमी असताना ट्यूबलाइट फडफडली, पंखा मंदावला, मी पहिला सूर मारला, आणि काय सांगू. अकरा मिनिटं मी एडी व्हॅन हेलन होतो. मग लाइट गेली.

घरी परत आल्यावर काकाने फोन करून विचारलं की अँपच्या त्या पेटीत फणसही मावले असते, मग पेटी रिकामीच का आणली.

इंग्रजीत या आवाजांचं वर्णन करणारे बहुतेक शब्द स्वयंपाकघरातले आहेत. क्रीमी, क्रंची, बटरी, ज्यूसी. मला वाटलं, मग यातला तज्ज्ञ माणूस तर घरातच आहे. एका रविवारी बायकोला बसवलं. चष्म्याच्या डॉक्टरसारखं विचारायला लागलो: "हा बरा... की हा? आता बघ. आधीचा... की आत्ताचा?"

"सारखेच आहेत."

"लक्ष देऊन ऐक. हा?"

"पिठूळ."

मी ताठ बसलो. पिठूळ! गेले आठ महिने मी याच शब्दाच्या शोधात होतो. ट्रेबल पावभर वाढवला. "आणि आता?"

"आता जरा करपट. पिठूळपणा आहेच, वरून करपलाय. मंद आच ठेवायची आणि घाई करायची नाही, हे तुला कळत नाही का? शिऱ्याचंही तू हेच करतोस."

असा निर्दोष अभिप्राय मला आजवर कुठल्या गिटारवाल्याने दिलेला नाही. ड्राइव्ह कमी केला, मास्टर किंचित वाढवला, आवाज खरंच शिजला. तिला कळवायला गेलो तर ती शेंगदाणे सोलायला गेली होती.

आमच्याकडे दोन वर्षांपासून सासूबाई असतात. त्या सांगलीला गाणं शिकलेल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचा मिरजेचा तंबोरा आला आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरकडचा भोपळा आणि शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातून आलेली कारागिरी, असं ते प्रकरण आहे. मी आधी तंबोऱ्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. चार तारा, एकच काम. पण एकदा पाणी प्यायला उठलो आणि त्यांच्या दारात थांबलो.

त्यांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला होता. घोडीवर तारेखाली सुताचा एक लहानसा तुकडा असतो. तो त्या करंगळीच्या नखाने सरकवत होत्या, केसभर. तार छेडायची, कान भोपळ्याला लावायचा, डोळे मिटायचे. नाही. पुन्हा केसभर. तार टणक वाजते, मग एका क्षणी तिच्यातून झंकार फुटतो, एका तारेतून चार-पाच स्वर बाहेर पडून खोलीभर फिरायला लागतात. आणखी केसभर सरकवलं की तो झंकार मिटतो. याला जवारी म्हणतात. वीस मिनिटं हे चाललं. मग त्या दहा मिनिटं गायल्या. घरातलं कुणीही त्यांना वेडं म्हणालं नाही. उलट टीव्हीचा आवाज कमी केला गेला.

मी त्याच आठवड्यात त्यांना माझा अँप ऐकवला, सगळा ड्राइव्ह देऊन. त्या शांतपणे ऐकत राहिल्या. मला वाटलं, आता उठून जातील. पण त्या म्हणाल्या, "जवारी जरा जास्तच खुली आहे हो तुमची."

तेव्हापासून आमचं बरं जमतं.

त्यांनीच मला आणखी एक गोष्ट दाखवली, अर्थात त्यांच्या पद्धतीने. माझ्या गिटारचा पिकअप जुन्या प्रकारचा, एकाच वेटोळ्याचा आहे. तो तारांबरोबर घरातली वीजही ऐकतो. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे 'जी' या सुराच्या अगदी किंचित वर. ट्यूबलाइटचा चोक, मिक्सर, मोटर, सगळे मिळून 'जी' मध्ये गुणगुणतात. खुर्चीत बसून गोल फिरलं की एका दिशेला ही गुणगुण जवळजवळ थांबते. आमच्या खोलीत ती दिशा दक्षिण निघाली. मी महिनाभर दक्षिणेकडे तोंड करून वाजवतोय हे सासूबाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट काढून एलईडीची दुसरी पट्टी लावून घेतली. आता गुणगुण पूर्वेकडे तोंड केल्यावर थांबते. विज्ञान आणि शास्त्र, दोन्ही राहिलं.

मग गणपती आले. आमच्या सोसायटीत पाचव्या दिवशी सांस्कृतिक कार्यक्रम असतो आणि यंदा आमच्या बँडला पस्तीस मिनिटं मिळाली. रात्री दहाला स्पीकर बंद, त्यामुळे पस्तीस म्हणजे पस्तीस. मी आधीचा अख्खा रविवार टोन लावण्यात घालवला. बेस नऊ, ट्रेबल साडेआठ, मिडल अडीचच्या जरा अलीकडे. फोटो काढला, छापून घेतला, नॉबच्या बाजूला चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले. चौघांनी धरून अँप तीन मजले उतरवला तेव्हा सीए ड्रमर म्हणाला की मार्शलचं ड्रमचं दुकान होतं हे विसरू नकोस.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मी नाहीसा झालो. नव्वद सेकंदांनी तिसऱ्या रांगेत बसलेली बायको हातांनी खुणा करायला लागली: वाजव ना, वाजव! मी वाजवतच होतो. नंतर व्हिडिओत पाहिलं, बोटं वरखाली होत आहेत आणि आवाज काहीच नाही, जणू गिटारवर बसलेली माशी हाकलतोय. मी व्हॉल्यूम तीन केला. फरक नाही. ट्रेबल दहा. मला काहीच ऐकू येईना, पण पहिल्या रांगेत अगदी समोर बसलेल्या सेक्रेटरींनी दोन्ही कानांत बोटं घातली.

स्टेजमागे विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी ठरवलेली बँजो पार्टी सामान घेऊन येऊन बसली होती. आपल्याकडचा बँजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. हा मूळचा बुलबुलतरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, आणि त्याचंही मूळ जपानमधलं, १९१२ साली नागोयाला जन्मलेलं वाद्य. आपल्याकडे त्याला पिकअप बसवतात, वायर भोंग्याला जोडतात, आणि मग गल्लीच्या तोंडाला वाजलेला सूर दुसऱ्या टोकाच्या किराणावाल्याला कळतो, मध्ये सहा ढोल आणि दोन ताशे असले तरी. त्यांच्यातला बँजोवाला विशीतला पोरगा, तोंडात बडीशेप, हात पाठीमागे बांधून उभा. दोन गाण्यांच्या मध्ये जवळ आला.

"काका, तुमचा आवाज कुठे आहे?"

"आहे रे. घरी चांगला येतो."

"घरी कोण असतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो वाकला, माझ्या चिकटपट्ट्यांकडे पाहिलं, आणि काहीही न विचारता मिडल दहावर नेऊन ठेवला. बेस चारवर आणला. मग इकडेतिकडे बघत एक प्लास्टिकची खुर्ची ओढली. "त्याला पण बसायला द्या. पायाजवळ ठेवलाय तर पायालाच ऐकू येणार ना?" दोघांनी मिळून अँप खुर्चीवर ठेवला, मागे टेकून, तोंड माझ्या कानाकडे.

गिटारच्या स्पीकरमधून टीप टॉर्चच्या झोतासारखी सरळ निघते. मी वर उभा, झोत पोटऱ्यांवरून जाऊन सेक्रेटरींच्या तोंडावर. मला टीप ऐकू येत नाही म्हणून मी ती वाढवतोय, आणि बिल त्यांच्या नावावर फाडलं जातंय. खर्जात बेस गिटार आणि ड्रमचा मोठा ढोल बसलेले, वर झांजा, म्हणजे गर्दीत गिटारला जागा असते ती मध्येच. कान सर्वांत तिखट तिथेच असतो, तान्ह्या पोराचं रडणं ज्या पट्टीत तीन भिंतींपलीकडून ऐकू येतं त्या पट्टीत. भोंग्यातून खर्ज बाहेर पडतच नाही, त्यामुळे बँजोवाल्यांना ही गोष्ट वयाच्या चौदाव्या वर्षीच कळते. मी आठ महिने नेमका तोच आवाज कापत होतो, तोही अडीचच्या अलीकडे.

दुसऱ्या गाण्यात मी ऐकू आलो. बायकोने खुणा थांबवल्या. चुकलेला कोमल निषादही सगळ्या सोसायटीला स्वच्छ ऐकू आला, आणि ड्रमरने मान वळवून पाहिलं. मिडलचा हा तोटा कुणी आधी सांगत नाही.

नऊ छप्पन्नला आम्ही उतरलो. पोराला मी विचारलं, तू तुझा टोन कसा लावतोस? तो म्हणाला, "लावायचं काय त्यात? भोंग्याचा बोल्ट घट्ट करायचा. नाहीतर मिरवणुकीत पडतो."

अँप पुन्हा तीन मजले वर चढवला. रात्री अकराला, सगळे झोपायला गेल्यावर, दार लोटून घेतलं, व्हॉल्यूम दीडवर आणला आणि बँजोवाल्याने लावलेला तोच आवाज ऐकला. पत्र्याच्या डब्यात गोट्या. भयंकर. पण तो मी फोटोत धरून ठेवला, कारण मंडपात तो खरा होता. मग मिडल थोडा खाली घेतला. बेस वर. ट्रेबल... नाही. जरा अलीकडे. नाही, पलीकडे.

पलीकडच्या खोलीतून तंबोऱ्याची एक तार वाजली. थांबली. पुन्हा वाजली, केसभर वेगळी. पाऊस लागला की जवारी उतरते, पुन्हा लावावी लागते, असं त्या म्हणतात. मी मिडल फिरवत राहिलो, त्या सूत सरकवत राहिल्या. बऱ्याच वेळाने भिंतीपलीकडून हलक्या आवाजात प्रश्न आला.

"झालं का तुमचं?"

"नाही, आई. तुमचं?"

"नाही."